पाण्यातून वर आल्यावर पाय बधिर : आतेभावाचं प्रकरण आणि थोडे प्रश्न

गोदाकाठचा_पाहुणा (नांदेड), रविवार रात्री ९.४०

मंडळी, धागा लांब होणार, आधीच सांगतो.

माझा आतेभाऊ, वय ३४, इथंच खताचं दुकान. मागच्या हिवाळ्यात मित्रांबरोबर अंदमानला गेला. स्कूबाचा पहिला कोर्स आधीच झालेला, तिथं पुढचा केला. चार दिवसांत नऊ डाइव्ह. शेवटच्या दिवशी दोन, त्यातली पहिली २९ मीटरची. दुसऱ्या वेळी वर येताना जाकिटात हवा जास्त झाली आणि शेवटचे सात-आठ मीटर हा बुचासारखा वर आला. त्या संध्याकाळी उजवा खांदा ठणकायला लागला. टाक्या उचलल्या म्हणून दुखायलंय असं समजून बाम चोळला, गोळी घेतली, झोपला. सकाळी विमान. चेन्नईमार्गे हैदराबाद, तिथून रात्रीची बस.

विमानातच पायांना मुंग्या. नांदेडला उतरला तेव्हा पाय गुडघाभर चिखलातून ओढल्यासारखे टाकत होता आणि लघवी होईना. आत्या म्हणाली शीर दबली असंल, चोळणाऱ्याला बोलवू. ते नशिबानं टळलं. दवाखान्यात (नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका) स्लिप डिस्क धरून एमआरआय काढला. त्यात विशेष काही नाही. मग "टेन्शननं होतं असं". दुपारी पोट फुगलं तेव्हा नळी टाकली, ९०० मिली निघाली.

संध्याकाळी ड्यूटी बदलली. नवीन डॉक्टर अगदी पोरसवदा. त्यानं खाटेच्या कडेला बसून विचारलं, "मागच्या तीन दिवसांत काय काय केलंत?" तोवर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आणि आम्हीपण सांगितलं नव्हतं, हे कबूल करतो. अंदमानचा आणि पायाचा संबंध असंल हे कुणाच्या डोक्यात येणार? पाण्याचं ऐकलं आणि त्यानं पिशवीवाला ऑक्सिजन मास्क लावला, पाठीवर सरळ झोपवलं आणि तासभर फोन फिरवत राहिला. रात्री अॅम्ब्युलन्सनं देगलूरमार्गे हैदराबाद. पहाटे चेंबरमध्ये, म्हणजे आत दाब वाढवता येतो अशा बंद टाकीत. शेवटच्या डाइव्हनंतर साठ-बासष्ट तास झाले होते.

आज तो दुकानात बसतो, चालतो. डाव्या तळव्याला अजून चप्पल निसटलेली कळत नाही.

मला नीट समजून घ्यायचंय की त्या टाकीत नेमकं काय केलं, आणि आपल्यासारख्या समुद्रापासून लांबच्या गावात हे झालं तर पहिल्या दोन-तीन तासांत काय करायचं. कुणी डॉक्टर आहे का इथं?

---

कुंथलगिरीचा_पेढा (भूम), रविवार रात्री ९.५८

मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आन् धागा बुडण्यावर. चालू द्या, वाचायलोय.

---

भूल_आणि_चूक (अंबाजोगाई), रविवार रात्री ११.१५

मी भूलतज्ज्ञ. शिक्षण अंबाजोगाईलाच, मधे काही वर्षं मुंबईत होतो तेव्हा चेंबरवर काम केलं आहे. पाहुणे, त्या पोरसवदा डॉक्टरला माझा नमस्कार सांगा. एका प्रश्नानं त्यानं एमआरआयपेक्षा जास्त काम केलं. या आजाराचं (डिकम्प्रेशन सिकनेस, डायव्हरांच्या बोलीत बेंड) निदान ऐकून आणि तपासून होतं. सुरुवातीला एमआरआय साफ असणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे तो साफ आला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. २९ मीटरवर तुमचा भाऊ जवळजवळ चौपट दाबाची हवा ओढत होता. ऑक्सिजन शरीर वापरतं, नायट्रोजन वापरत नाही. तो रक्तात, चरबीत, मज्जारज्जूत विरघळून साठत जातो. हळू वर आलं तर फुप्फुसातून निघून जातो, घाईनं आलं तर जागेवरच बुडबुडे. गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखं, हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण सोड्याचा फेस बसला की संपलं. इथं बुडबुडा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला खरचटतो, तिथं सूज येते, रक्त गोठायला लागतं, पाणी वाहिनीबाहेर झिरपतं. म्हणून बुडबुडा विरला तरी दुखणं मागे राहतं, आणि म्हणूनच उशीर महाग पडतो.

आता चेंबर. जगभर सगळ्यात जास्त वापरतात ते अमेरिकी नौदलाचं टेबल ६. टेबल म्हणजे वेळापत्रक. रोग्याला १८ मीटर खोलीएवढ्या, म्हणजे २.८ वातावरण दाबाला नेतात. तिथं २० मिनिटं शुद्ध ऑक्सिजन, ५ मिनिटं साधी हवा, असं तीनदा. मग अर्ध्या तासात ९ मीटरच्या दाबाला आणायचं. तिथं १५ मिनिटं हवा आणि तासभर ऑक्सिजन, हे दोनदा. पुन्हा अर्धा तास लावून बाहेर. एकूण ४ तास ४५ मिनिटं. फरक पुरेसा पडला नाही तर दोन्ही टप्प्यांवर वेळ वाढवता येतो, पुरता ताणला तर आठ तासांपर्यंत जातो. आत बसलेला माणूस दर टप्प्याला पायाची ताकद, टाचणीची टोच तपासत राहतो. वाढवायचं की नाही हे त्यावर ठरतं.

बऱ्याच जणांना वाटतं, दाब दिला की बुडबुडा चिरडला. हिशोब करून बघा. २.८ पट दाबाला त्याचं आकारमान साधारण एक तृतीयांश होतं खरं, पण गोल वस्तूचा व्यास त्यानं जेमतेम ३० टक्के घटतो. त्यामुळे नुसत्या दाबावर भिस्त नाही. खरं काम ऑक्सिजनचं. फुप्फुसात नायट्रोजन शून्याच्या जवळ आणला की बुडबुड्यातला नायट्रोजन रक्तात उतरतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. शिवाय एवढ्या दाबाला प्लाझ्मातच इतका ऑक्सिजन विरघळतो की वाहिनी अर्धी बंद असली तरी पलीकडच्या भागाला तो मिळतो.

मधली पाच मिनिटं साधी हवा का? ऑक्सिजन या दाबाला विषारी ठरू शकतो. आधी ओठ फडफडतो, मळमळतं, क्वचित झटका येतो. मास्क काढला की थांबतो. झटका चालू असताना दाब मात्र कमी करायचा नाही, कारण त्या वेळी माणसाचा श्वास कोंडलेला असतो आणि फुप्फुस फाटू शकतं.

---

सहा_परस (बीड), सोमवार सकाळी ६.५०

डॉक्टर साहेब, माझे वडील विहिरीतली कामं करायचे. मोटार काढणं, फुटबॉल (पाइपाच्या बुडाचा व्हॉल्व्ह) बदलणं, गाळात पडलेली भांडी. तोंडात कॉम्प्रेसरची नळी, कमरेला दगड. आमच्याकडं सहा-सात परस विहिरी, पावसाळ्यानंतर चाळीस-पंचेचाळीस फूट पाणी. दिवसातून धा-बारा वेळा वरखाली. संध्याकाळी त्यांचे कोपर आणि गुडघे दुखायचे. आई एरंडाच्या पानानं शेकायची. सगळे म्हणायचे वात आहे. आता हे वाचून वाटायलंय की वात नव्हता का काय?

---

भूल_आणि_चूक, सोमवार सकाळी ८.०५

मागं वळून ठामपणे सांगणं बरोबर नाही. ४५ फूट म्हणजे १४ मीटरच्या आत. एकदाच दहा-पंधरा मिनिटं उतरून आलं तर सहसा काही होत नाही. पण दिवसभर वरखाली, प्रत्येक वेळी उरलेल्या नायट्रोजनवर नवा, आणि वर येताना दोर ओढून झटक्यात, तर शक्यता नाकारता येत नाही. निव्वळ श्वास रोखून बुडी मारणाऱ्या आपल्या भोई पोरांचं वेगळं. त्यांच्या छातीत वरून घेतलेली तेवढीच हवा असते.

मला वडिलांच्या सांध्यांपेक्षा दुसरीच भीती वाटते. नळीतून ओढलेली हवा दाबाची असते. घाबरून श्वास कोंडून वर आलं की ती फुप्फुसात फुगते आणि फुप्फुस फुटून थेट मेंदूच्या रक्तात जाते. याला दीड-दोन मीटर पाणीसुद्धा पुरतं. माणूस वर येतो आणि पाच-दहा मिनिटांत कोसळतो, लकवा मारल्यासारखा. गावात म्हणतात विहिरीनं धरलं. त्यावरही उपचार तोच, ऑक्सिजन आणि चेंबर, फक्त तिथं मिनिटं मोजायची. आणि डिझेल इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आला तर कार्बन मोनॉक्साइड नळीतून सरळ माणसाला. कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी इंजिनापासून दहा फूट लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, एवढं तरी कुणी उतरणारा असेल त्याला सांगा.

---

सहा_परस, सोमवार सकाळी ८.२०

वडील गेले सहा वर्षांखाली, हृदयानं. पण चुलतभाऊ अजून उतरतो. त्याला आजच सांगतो.

---

डेक_चेंबर (मूळ हिंगोली, सध्या जहाजावर), सोमवार दुपारी २.३०

नेट आलंय तोवर लिहितो. मी कमर्शियल डायव्हर, बॉम्बे हायच्या कामांवर. आमच्या जहाजावर चेंबर डेकवरच असतो, दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीतून डॉक्टर, जेवण, औषध आत जातं, आतला दाब न सोडता. काही कामांत तर उरलेलं डिकम्प्रेशन, म्हणजे थांबत थांबत दाब उतरवणं, मुद्दाम चेंबरमध्येच करतो. शेवटचा थांबा सोडून पाण्याबाहेर, सूट उतरवून, चेंबरमध्ये परत दाबाखाली, हे सगळं पाच मिनिटांत. खोल कामाला सॅच्युरेशन, म्हणजे आठवडे आठवडे दाबातच राहायचं. शंभर मीटरवरून बाहेर यायला चारेक दिवस. घरी सांगितलं तर आई म्हणते तुरुंग बरा.

पाहुणे, तुमच्या भावाची खांदेदुखी वाचून पोटात गोळा आला. आमच्यात नियम साधा आहे. डाइव्हनंतर २४ तासांत कुठंही नवीन दुखलं, मुंग्या आल्या, अंगावर जांभळट जाळी उठली, तर तो बेंड समजायचा, आणि बेंड नाही हे डॉक्टरनं सिद्ध करायचं. तरी माणसं लपवतात. मी पण लपवलंय. सांगितलं की काम बंद, रोज बुडाला, वर पोरं हसणार. माझा कोपर रात्री दीडला इतका ठणकला की दरवाजा उघडता येईना. आत गेलो, १८ मीटरला पोचलो आन् दहा मिनिटांत दुखणं असं गेलं की मलाच खोटं बोलल्यासारखं वाटलं.

---

कुंथलगिरीचा_पेढा, सोमवार दुपारी ३.०५

म्हणजे परत खाली गेलं की बरं वाटतं? हे कुणाला पयल्यांदा सुचलं?

---

भूल_आणि_चूक, सोमवार रात्री १०.१०

मजुरांना सुचलं. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी पुलाचे पाये खोदायला दाबाच्या हवेची पेटी उतरवायचे, तिला केसॉन म्हणतात. बाहेर आल्यावर माणसं वाकडी व्हायची, काही मरायची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये यानंच अंथरुणाला खिळला. पुन्हा पेटीत उतरलं की दुखणं कमी होतं हे कामगारांना ठाऊक होतं. फ्रान्सच्या पॉल बेर यानं १८७८ मध्ये दाखवून दिलं की गुन्हेगार नायट्रोजन आहे. पुढं हडसन नदीखालच्या बोगद्यावर अर्नेस्ट मॉयर या अभियंत्यानं, डॉक्टरनं नव्हे, कामाच्या जागीच लोखंडी दाबखोली बसवली आणि मृत्यू झपाट्यानं घटले. ऑक्सिजनची टेबलं मात्र १९६० च्या दशकातली, त्याआधी साध्या हवेवरच तास न् तास काढायचे.

आणि तुमच्या भूमसाठी खास : थांबे घेत वर यायचं शास्त्र हाल्डेननं १९०८ मध्ये मांडलं ते शेळ्यांवर प्रयोग करून. दुखलं की शेळी पुढचा पाय उचलून धरायची.

---

कुंथलगिरीचा_पेढा, सोमवार रात्री १०.१६

उस्मानाबादी असती तर पाय उचलला नसता, शिंग मारलं असतं.

---

गोदाकाठचा_पाहुणा, सोमवार रात्री ११.००

हसलो. आत काय झालं तेही सांगतो, भावाकडून ऐकलेलं.

आत जाण्याआधी सगळे कपडे काढून सुती कपडे दिले. मोबाईल, घड्याळ, अंगठी, खिशातला कंगवासुद्धा बाहेर. आत्यानं निघताना डोक्याला खोबरेल थापलं होतं, ते साबणानं धुवायला लावलं. ऑक्सिजनमध्ये तेल म्हणजे आगीला आमंत्रण. लघवीच्या नळीचा फुगा आधीच पाण्यानं भरलेला आहे ना हे त्यांनी विचारून घेतलं, हवेचा असता तर दाबात चिमला असता. दाब चढताना आतली हवा तापली, कान दुखले, नाक दाबून फुंकर मारायला शिकवलेलं होतंच. उतरताना उलट, सगळं गार आणि धुकं. शेजारी एक ब्रदर पूर्ण वेळ बसून, शेवटी शेवटी तोही मास्क लावून. भाऊ म्हणाला, मला वाटलं त्याला पण झालं.

पहिल्या फेरीनंतर उजवा पाय खाटेवरून उचलता आला. आत्या तिथंच रडायला लागली. डाव्याला वेळ लागला. एकूण सात फेऱ्या झाल्या, नंतरच्या लहान. सलग दोन फेऱ्यांत नवीन फरक दिसला नाही तेव्हा थांबवलं. लघवी पाचव्या दिवशी स्वतःहून झाली. घरी पेढे वाटले, कारण विचारू नका.

---

भूल_आणि_चूक, मंगळवार सकाळी ७.३०

ब्रदर बरोबर वागला. आतला सोबती साधी हवा ओढतो, म्हणजे तोही एक डाइव्हच करतो. त्यालाही नायट्रोजन बाहेर टाकूनच यावं लागतं.

साठ तासांनी नेऊनही गुण आला, ही गोष्ट इथल्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावी. "आता उशीर झाला, काय उपयोग" म्हणून सोडायचं नाही. पण पहिल्या संध्याकाळीच ऑक्सिजन लावला असता तर कदाचित तळवाही वाचला असता.

आता पाहुण्यांचा दुसरा प्रश्न. कोविडनं आपल्याला एक दिलं, तालुक्याच्या रुग्णालयातसुद्धा ऑक्सिजन आला. तो वापरा. पिशवीचा मास्क, घट्ट बसवलेला, मिनिटाला १५ लिटर. घरचं कॉन्सन्ट्रेटर बहुधा ५ लिटरचं असतं, काहीच नसेल तर ते, पण सिलिंडर मिळाला की बदला. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर मावतो, म्हणजे १५ लिटरनं साडेसात तासांच्या वर. नांदेड ते हैदराबाद निवांत होतं. लहान बी टाइप शंभर मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर निघू नका. बोटावरचं मशीन ९९ दाखवतं म्हणून मास्क काढणारे मी पाहिलेत. हा ऑक्सिजन रक्तातली टक्केवारी भरायला दिलेला नाही, नायट्रोजन हाकलायला दिलाय.

सरळ पाठीवर झोपवा. डोकं खाली, पाय वर ही जुनी पद्धत आता नाही, मेंदूची सूज वाढते. शुद्धीवर असेल तर पाणी पाजा. सलाईन लावायचं तर साधं नॉर्मल सलाईन किंवा आरएल, ग्लुकोजचं नको, जखमी मज्जारज्जूला साखर मानवत नाही. स्टेरॉइडचा फायदा दिसलेला नाही. पाय हलत नसतील तर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिनचा विचार करा. आणि माझ्या जातभाईंना : वेदनेसाठी नायट्रस ऑक्साइड चुकूनही देऊ नका, तो बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो.

न्यायचं कुठं? कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे, तिथं चेंबर आणि त्यातलेच तज्ज्ञ. पण नांदेडहून हैदराबाद निम्म्या अंतरावर आणि वाटेत घाट नाही. तुमच्या डॉक्टरनं ते बरोबर ओळखलं. निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारायचे : २.८ वातावरणापर्यंत जाता का, आणि डायव्हिंगचा रोगी घेता का. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची चोवीस तासांची मदत असते, त्यांचे डॉक्टर फोनवर तुमच्या डॉक्टरशी बोलतात.

---

माहेर_परभणी (लातूर), मंगळवार दुपारी १.४५

डॉक्टर, आम्ही दिवाळीत तारकर्लीला स्कूबा करून त्याच रात्री आंबोली चढून लातूरला आलो. मुलंपण होती. आता छातीत धडधडतंय. आणि इथं एक जाहिरात बघितली, "हायपरबेरिक थेरपी", झिपवाली फुगणारी पिशवी, मधुमेह ते वांग सगळं बरं. तीच ही का?

---

भूल_आणि_चूक, मंगळवार रात्री ९.२०

ताई, दिवाळी होऊन किती महिने झाले! व्हायचं असतं तर घाटातच झालं असतं. पर्यटकांची डाइव्ह उथळ आणि वीसेक मिनिटांची, नायट्रोजन फारसा साठत नाही. तिथं मुलांना एकच बजावायचं, श्वास कोंडायचा नाही. पण खऱ्या डायव्हरला घाट आणि विमान सारखंच. आंबोली जवळजवळ ७०० मीटर. विमानातला दाब तर १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्याएवढा. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, रोज अनेक केल्या तर किमान १८ तास उडायचं नाही. पाहुण्यांच्या भावानं १७ तास पाळले होते म्हणे. तास चुकले यापेक्षा खांदा दुखत असताना विमानात बसला हे जास्त चुकलं.

ती पिशवी ही नव्हे. तिच्यात दाब १.३ वातावरणाच्या आसपास, तीन मीटर पाण्याएवढा. खऱ्या चेंबरचा मधुमेही पायाच्या काही जखमांना आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेला उपयोग आहे. वांगाचं मला माहीत नाही असं म्हणणार होतो, पण माहीत आहे. होत नाही.

---

गोदाकाठचा_पाहुणा, मंगळवार रात्री १०.३०

शेवटचा प्रश्न, भावाचाच. त्याला परत डाइव्हला जायचंय. घरी कुणाला सांगितलेलं नाही, मला सांगितलं.

---

डेक_चेंबर, बुधवार पहाटे ४.१०

दादा, त्याला नाही म्हणा.

---

भूल_आणि_चूक, बुधवार सकाळी ७.५५

मज्जारज्जूला लागलंय आणि तळवा अजून बधिर आहे, तर माझंही उत्तर नाही. जखमी रज्जूत राखीव फार उरत नाही, दुसरा झटका पहिल्यासारखा भरून येत नाही. त्याच्या हृदयाची बुडबुडे सोडून केलेली इको झाली आहे का? दर चार माणसांत एकाच्या हृदयातल्या वरच्या पडद्याला जन्मापासून बारीक फट राहिलेली असते. एरवी तिचा त्रास नाही, पण शिरेतले बुडबुडे फुप्फुसात गाळले न जाता तिथून पलीकडं निसटतात. झाली नसेल तर करून घ्या, आणि रिपोर्ट इथं न टाकता मला व्यनि करा.

---

गोदाकाठचा_पाहुणा, बुधवार सकाळी ९.१०

झालेली नाही. करतो. भाऊ शेजारी बसून वाचायलाय. विचारायलाय की शेतातल्या विहिरीत पोहलं तर चालंल का.

---

भूल_आणि_चूक, बुधवार सकाळी ९.१४

पोहा. चप्पल काठावर काढून, आणि तळव्याला काच लागली तर कळणार नाही, म्हणून बाहेर आल्यावर पाय बघा.